एक खोकला, तीन रोग

सावनेर भागांतील आमचे शेतकरी बंधु संत्र्याचें झाड पिवळें पडलें तर निचरा बिघडला, खत कमी पडलें कीं डिंक्या लागला, हें पाहिल्यावांचून औषध घालीत नाहींत. घरांतील माणूस खोकूं लागला म्हणजे मात्र ही सावधगिरी सुटते. दुकानांतून गोळ्या आणाव्या, आठ दिवस बरें वाटावें, पुन्हा खोकला उलटावा, असा क्रम चालतो. म्हणून सारखे दिसणारे फुप्फुसाचे तीन रोग कसे निवडावे, हें येथें सांगतों.

पहिला न्युमोनिया. हा बहुधा एकाएकीं येतो. हुडहुडी भरून ताप चढतो, श्वास घेतांना बरगडींत कळ येते, धाप लागते.

दुसरा क्षय. हा हळूहळू येतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळीं बारीक ताप, रात्रीं घाम, वजनांत घट, कधीं थुंकींतून रक्त.

तिसरा बुरशीचा. क्षय बरा झाल्यावर फुप्फुसांत कधीं पोकळी राहते. तींत ॲस्परजिलस नांवाची बुरशी वाढते. तिचे कण कुजक्या कडब्यांत व ओल्या धान्यांत पुष्कळ असतात. लक्षणें क्षयासारखींच, त्यामुळें क्षय उलटला असें समजून जुनेंच औषध सुरू होतें, पण तें बुरशीवर चालत नाहीं. हिच्यासाठीं रक्ताची तपासणी व सीटी स्कॅन लागतो.

क्ष-किरणांच्या चित्रांत तिघांची छाया पुष्कळदां सारखी दिसते. एका गांवीं एकाच नांवाचे दोन खातेदार असले तर खसरा नंबर पाहूनच आम्ही नोंद करीत असूं. येथें तें काम बेडका करितो. रॉबर्ट कॉख यांनीं 24 मार्च 1882 रोजीं बर्लिन येथें क्षयाचा जंतु जाहीर केला. सूक्ष्मदर्शकांत थोडे जंतु सुटून जातात. सीबीनॅट व ट्रूनॅट या तपासण्यांत ते सांपडण्याचा संभव अधिक, आणि रिफाम्पिसिन हें मुख्य औषध लागू पडेल कीं नाहीं तेंही कळतें.

बेडका सकाळीं चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, छातींतून खोकून द्यावा. नुसती लाळ उपयोगाची नाहीं. तो उघड्या हवेंत, इतरांपासून दूर काढावा.

मुख्य नियम हा कीं, आधीं बेडका, मग गोळी. लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखें औषध क्षयासही कांहीं काळ दाबतें. रोगी बरा भासतो, निदान लांबतें, आणि तेवढ्यांत घरांतील मुलांस संसर्ग पोहोंचतो. मात्र धाप वाढली किंवा शुद्ध हरपूं लागली तर क्षणभर न थांबतां रुग्णालय गांठावें.

डॉक्टरांस तीन गोष्टी न विचारतां सांगाव्या: खोकला किती दिवसांचा; पूर्वी क्षय झाला होता काय, मधुमेह आहे काय; आणि काम खाणींतील, धुळींतील कीं कुजक्या चाऱ्यांतील. क्षयाची तपासणी व औषधें सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात. तेव्हां खर्चाच्या भीतीनें कोणीं विलंब करूं नये.