तातां बहिणींचा हात

पुस्तक वाचून तार्त तातां, म्हणजे सफरचंदांची ती फ्रेंच उलटी तार्त, करायचं मनात घेतलंस, फार बरं वाटलं गं. खाण्याच्या ओढीने देश पालथा घालणाऱ्यांची पुस्तकं मलाही आवडतात. पण ओट्यापाशी उभी राहण्याआधी तुला मनापासून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक पुस्तकातल्या कहाणीबद्दल आणि दुसरी सफरचंदांबद्दल.

कहाणी तू वाचलीच असशील. पॅरिसच्या दक्षिणेला, ऑर्लेआंच्या पलीकडे सोलोन्य नावाचा रानातळ्यांचा मुलूख आहे. तिथल्या लामोत-ब्यूव्रों गावात, रेल्वे स्टेशनच्या समोर, स्तेफानी आणि कारोलीन तातां या बहिणी हॉटेल चालवायच्या. स्तेफानी चुलीपाशी, कारोलीन पाहुण्यांपाशी. शिकारीच्या हंगामात तिथे गर्दी उसळायची. अशाच एका गडबडीत म्हणे स्तेफानीची सफरचंदं लोणी-साखरेत करपायला लागली. तिने वरून पारी टाकून भांडं भट्टीत सरकवलं आणि पदार्थ उलटा करून वाढला. कुणी सांगतं, तार्त तिच्या हातून पडली.

कहाणी गोड आहे, पण तिच्यावर विसंबू नकोस. फळं खाली, पारी वर अशी उलटी तार्त सोलोन्यात आधीपासूनच होत होती. या बहिणींनी ती अशी साधली की लोक त्यांचं नाव घेऊन मागायला लागले. पुढे 1920च्या दशकात क्युर्नॉन्स्की आणि मार्सेल रूफ या जोडीने एकेक प्रांत चाखत ‘ला फ्रान्स गास्त्रोनोमिक’ ही पुस्तकमालिका लिहिली. मोटारी घेऊन हिंडणाऱ्या शहरी माणसांना त्यातून गावोगावच्या खानावळी कळल्या. ही तार्त दूरवर पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. कारोलीन 1911मध्ये गेली, स्तेफानी 1917मध्ये. आपल्या हातचं कसब जगाला चूक म्हणून सांगितलं जातंय, हे खोडून काढायला दोघीही उरल्या नव्हत्या.

मला याचं वाईट वाटतं. रोज चुलीपाशी उभं राहून कमावलेली नजर असते, आणि सांगताना मात्र ‘चुकून झालं’. म्हणून म्हणते, तू ही तार्त नशिबावर टाकू नकोस. लक्ष देऊन कर.

आधी फळ. लाल डिलिशस घेऊ नकोस, ते गोड असतं पण शिजताना विरघळतं. हिरवं ग्रॅनी स्मिथ किंवा घट्ट पिवळं गोल्डन घे, साधारण सव्वा किलो. सालं काढ, चार फोडी कर, बिया काढ आणि फोडी रात्रभर फ्रिजमध्ये उघड्याच ठेव. कडा काळसर पडतील, पडू देत, पाकात ते दिसणार नाही. वरचं पाणी सुकतं, त्यामुळे पाक पातळ होत नाही.

पारीसाठी 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम थंडगार बिनमिठाचं बटर, चिमूटभर मीठ. शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन चोळतो तसं बटर बोटांच्या टोकांनी चोळायचं, मग लागेल तेवढंच तीन-चार चमचे बर्फाचं पाणी. गोळा झाला की थांब. मळत बसलीस तर पारी चिवट होईल. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव.

आता खरं काम. ओव्हनमध्ये जाईल असं जाड, सपाट बुडाचं भांडं हवं. बिडाचं 24 सेंटिमीटरचं फ्रायपॅन उत्तम, कढई नको. त्यात 150 ग्रॅम साखर मध्यम आचेवर विरघळू दे. तांबूस झाली की 80 ग्रॅम बटर घाल. इथे सगळ्याजणी घाबरतात आणि सोनेरी रंगावरच गॅस बंद करतात. तू अजून थोडं थांब. गडद तांबूस रंग येऊन वासात किंचित कडवटपणा आला, की साखरेचा नुसता गोडवा जातो आणि तार्तला खोली येते. धूर दिसू देऊ नकोस, मात्र. पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो, तेव्हा चव घ्यायला बोट लावू नकोस आणि मुलांना लांब ठेव.

फोडी उभ्या, दाटीवाटीने लाव. शिजल्या की आकसतात, म्हणून वाटतात त्याहून जास्त बसव. मंद आचेवर वीसेक मिनिटं ठेव, पाक फोडींत मुरून दाट होऊ दे. मग पॅन जरा निवू दे, पारी लाटून वर पसर, कडा आत खोच, दोन भोकं पाड. 190 अंशांवर पारी खमंग तांबूस होईपर्यंत भाज, अर्धा तास तरी लागेल.

बाहेर काढलीस की दहा मिनिटं थांब. लगेच उलटलीस तर पाक वाहतो, फार थांबलीस तर बुडाला चिकटतो. चिकटलीच तर पॅन क्षणभर गॅसवर धर. ताट वर ठेव, जाड फडक्याने दोन्ही घट्ट पकड आणि न कचरता उलट. एखादी फोड मागे राहिली तर उचलून जागेवर बसव. बिडाच्या पॅनमध्ये मात्र तार्त ठेवून देऊ नकोस, आंबट फळाला लोखंडाची चव लागते.

कोमटच वाढ. लामोत-ब्यूव्रोंच्या रसिकांना ती नुसतीच आवडते, वर साय नाही, आइसक्रीम नाही. पहिला घास तू तसाच घे, म्हणजे आंबट, गोड आणि कडू यांचा तोल तुला नीट कळेल.

आणि घरात कुणी विचारलं, ‘अगं, कशी काय जमली?’ तर ‘जमून गेली’ म्हणू नकोस. फळ कोणतं निवडलंस, पाक कुठवर नेलास, उलटण्याआधी किती थांबलीस, सगळं सांग. तुझ्या हाताचं श्रेय तू घेतलंस, तरच ते तुझ्या नावावर राहील.