आधी काटा, मग दागिना

सराफा बाजारातल्या एका पेढीवर बसून मी कॉफी तोलून घेतली, ही गोष्ट आमच्या घरात अजूनही पाहुण्यांना सांगितली जाते. बायकोच्या पाटल्या दुरुस्तीला टाकल्या होत्या. त्या आणायला निघताना मी घरी दळलेल्या कॉफीची पुडी आणि रोजचा मापाचा चमचा खिशात टाकला. पुण्याचा पुतण्या महिनाभर फोनवर एकच घोकत होता, "काका, चमच्यानं नको, वजनानं घ्या." पेढीच्या सेठजींना भीतभीतच विचारलं. त्यांनी काट्यावर कागद ठेवला, काटा शून्यावर आणला आणि मी दोन-दोन चमचे तीनदा ओतले. १५.२०, १८.६५, १६.९० ग्रॅम.

सेठजी हसले. म्हणाले, "भाऊसाहब, इतना फ़र्क़ तो हम रत्ती में भी न सहें."

तेव्हा माझ्या जनकगंजातल्या स्वयंपाकघरात एक लाख चाळीस हजारांचं एस्प्रेसो यंत्र उभं होतं, आणि तीन महिने मी त्याला शिव्या घालत होतो.

आमच्या ग्वाल्हेरात एस्प्रेसो म्हटलं की लग्नातलं फुसफुसणारं यंत्र डोळ्यांपुढे येतं. स्टीलच्या जगमध्ये इन्स्टंट कॉफी, साखर, दूध, नळीतून वाफ, वर चॉकलेटची पूड. थंडीतल्या लग्नात ती झकास लागते, पण एस्प्रेसो ती नावापुरतीच. इटलीत बेत्सेरानं १९०१ साली पेटंट घेतलेलं यंत्रही वाफेच्याच जोरावर चालायचं, आणि वाफेचा जोर जेमतेम दीड बारपर्यंत जायचा. कॉफीवर ती सोनेरी साय धरायला लागली आकिले गाज्जाच्या दांड्याच्या यंत्रामुळे, १९४० च्या दशकाच्या शेवटी. आज ९ बार हे माप धरतात. ते त्याच परंपरेतलं.

माझं पहिलं यंत्र आठ हजारांचं. खोक्यावर ठसठशीत लिहिलेलं, '१५ बार'. पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो, एवढंच तो आकडा सांगतो. पुडीवर पडायला हवेत ते साधारण ९ बारच. शिवाय त्या यंत्राची कॉफीची जाळी दुहेरी तळाची होती. बाहेरच्या तळाला एकच बारीक छिद्र. अशा जाळीत कसलीही पूड भरा, पिचकारीसारखी बाहेर पडून फेस येतोच. तो फेस मी साय समजत होतो. पितळेवर मुलामा चढवलेला, आणि मी खूश.

दोन वर्षांनी वाटलं, आता 'चांगलं' घेऊ. दिल्लीतल्या एका दुकानात दोन बॉयलरचं, आरशासारखं चकाकणारं यंत्र पसंत पडलं. ग्राइंडरचं विचारलं तर विक्रेता म्हणाला, "घरचा मिक्सर चालेल." मलाही तेच ऐकायचं होतं.

घरी आणल्यावर कळलं की ओट्याजवळ मोठ्या पिनांचा, १६ अँपिअरचा प्लगच नाही. साधा ६ अँपिअरचा प्लग जेमतेम १,३८० वॉट पेलतो. यंत्राला त्याहून जास्त लागत होते. इलेक्ट्रिशियन आला, भिंत फुटली. मग तापण्याचा प्रश्न. १९६१ च्या फाएमा ई६१ या यंत्रावरून आलेलं, कॉफीवर पाणी सोडणारं जड पितळी डोकं तापायला अर्धा तास घेई. मे महिना, बाहेर पारा ४५ कडे निघालेला. सकाळी सहाला आम्ही यंत्र तापवायचो आणि नंतर यंत्र आम्हाला.

एवढं करून कॉफी बारा सेकंदांत भसकन खाली यायची. पाणचट, आंबट आणि शेवटी कडू. कारण साधं होतं. मिक्सरच्या भांड्यात बिया दळल्या की अर्धा रवा होतो, अर्धा मैदा. पाणी सोप्या वाटेनं जातं. रव्यातून पळतं, मैद्यात अडकतं. पळालेलं पाणी आंबट, अडकलेलं कडू. जुन्या यंत्राची दुहेरी जाळी हे सगळं झाकून घ्यायची. नव्या यंत्राच्या खऱ्या जाळीनं ते उघडं पाडलं. चांगलं यंत्र हा कसोटीचा दगड आहे. तो सोनं करून देत नाही, तुमच्याकडे जे आहे ते दाखवतो. मी दगडावरच रागावलो होतो.

त्यात तिसऱ्या महिन्यात वाफ मंदावली. टाकीत मी बोअरचं पाणी घालत होतो. ज्या पाण्यानं आमच्या गीझरची कॉइल पांढरीफटक होते, तेच पाणी सव्वा लाखाच्या वर किमतीच्या यंत्राच्या बॉयलरमध्ये! क्षार साचल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, हे मेकॅनिकनं सांगितलं आणि बिल हातात ठेवलं. शेवटी यंत्र विकलं. पंच्याऐंशी हजार आले. दागिना मोडला की घडणावळ बुडते, हे सराफ्यापासून चार पावलांवर राहणाऱ्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

ज्यांच्या मनात मोठं यंत्र घ्यायचं घोळतंय त्यांच्यासाठी, पंचावन्न हजारांना पडलेलं हे शहाणपण.

पहिली खरेदी काट्याची. दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा, जमल्यास घड्याळ असलेला. सुरुवातीला १८ ग्रॅम पूड, म्हणजे जुन्या हिशेबात दीड तोळ्याला जरा जास्त. कपात ३६ ग्रॅम कॉफी. वेळ २५ ते ३० सेकंद. लवकर आली तर दळण बारीक करा, थेंब-थेंब आली तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही.

दुसरी खरेदी ग्राइंडरची. पातं फिरणारा नको. दोन दातेरी चकत्यांमध्ये बी भरडणारा, ज्याला बर ग्राइंडर म्हणतात, तो हवा. आपल्या जात्याचंच तत्त्व. तो एस्प्रेसोइतकं बारीक दळतो का आणि एकेक खाच सरकवून दळण किंचित बदलता येतं का, हे पाहा. एक-दोन कपांच्या घराला हातानं फिरवायचा ग्राइंडरही पुरतो. पैसे कमी आणि सकाळचा व्यायाम. बिया भाजल्याची तारीख छापलेल्या घ्या. चिकमगळूर-कूर्गच्या ताज्या बिया आता घरपोच येतात. फिल्टर कॉफीची चिकोरीमिश्रित पूड मात्र यंत्रात घालू नका. ती चिकटते आणि जाळी तुंबते.

तिसरं पाणी. गीझरची कॉइल पांढरी होत असेल तर तेच पाणी यंत्रात जाऊ देऊ नका. नुसतं आरओचं पाणीही कॉफीला बेचव करतं, आणि काही यंत्रांना पाण्याची पातळी ओळखायलाच थोडे क्षार लागतात. मी आरओच्या पाण्यात थोडं साधं, गाळलेलं पाणी मिसळतो. क्षार काढायचं औषध मात्र माहितीपुस्तिकेत दिलेलंच वापरा. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर घरगुती आंबट प्रयोग अंगाशी येतात.

एवढं झालं की महिनाभर थांबा. जुन्याच यंत्रात एकेरी तळाची जाळी बसत असेल तर ती बसवून रोज वजन करून कॉफी काढा. मग उरलेली तक्रार खरोखर यंत्राची. तीच सांगेल काय घ्यायचं. एकाच दळणाचा, एकाच वजनाचा कप रोज वेगळा लागतो? मग तापमान स्थिर ठेवणारं नियंत्रण, पीआयडी, असलेलं यंत्र बघा. घरात सकाळी पाच-सहा कप दुधाची कॉफी लागते आणि वाफेसाठी ताटकळावं लागतं? मग दोन बॉयलर किंवा हीट एक्स्चेंजर. दोघंच असाल तर एक बॉयलर पुष्कळ.

आणि पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. जोर ९ बारला बांधलेला आहे का? जाळी ५८ मिलिमीटरची आहे का? तिचं सुटं सामान सहज मिळतं. रबरी गॅस्केट झिजलं तर कुठून येईल, आणि दुरुस्तीला यंत्र कुठे पाठवायचं? दिल्ली आमच्यापासून सव्वातीनशे किलोमीटर; वीस किलोचं धूड घेऊन ते अंतर काय असतं, मला विचारा. चौथा प्रश्न परदेशातून भाचा-पुतण्या यंत्र आणतो म्हणतो त्यांच्यासाठी: व्होल्टेज किती? अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. आपल्या २३० च्या प्लगमध्ये ते थेट लावलं की संपलंच.

आता माझ्याकडे एका बॉयलरचं, ५८ मिलिमीटरच्या जाळीचं साधं यंत्र आहे. दिसायला अगदीच रूक्ष. ग्राइंडरला जवळपास त्याच्याइतकेच पैसे लागले. दिवाळीत सेठजींना घरी बोलावून त्यांच्यासमोर १८.० ग्रॅम तोललं. ते माझ्या काट्याकडे बघत राहिले, कपाकडे नाही. मग एक घोट घेतला, तोंड थोडं वाकडं केलं आणि म्हणाले, "तोल तो खरा है. पर शादी वाली मीठी होती है."

मी साखरेचा डबा पुढे सरकवला. सेठजींनी त्यातून चमच्यानंच साखर घेतली, न तोलता.