ट्रेकचा स्टोव्ह : आधी गणित, मग सॅक

ट्रेक ठरला की हॉस्टेलवर पहिला वाद होतो तो स्टोव्हवरून. एकाला पंपाचा रॉकेलचा स्टोव्हच हवा असतो, दुसऱ्याला तळहातावर मावणारा गॅस बर्नर. आपण इंजिनिअर होणार ना? मग आधी गणित करू.

चौघं जण, हरिश्चंद्रगड, एक मुक्काम. दोनदा चहा, रात्री खिचडी, सकाळी मॅगी. धरा, ५ लिटर पाणी उकळायचं आहे. गड १४२४ मीटर उंच, त्यामुळे पाणी तिथे साधारण ९५ अंशालाच उकळतं. (डाळ शिजत नाही म्हणून आचाऱ्याला शिव्या घालू नका, ती आधी भिजवून न्या.) २० वरून ९५ अंशावर न्यायला ५ × ४.१८ × ७५, म्हणजे जवळजवळ १५७० किलोज्यूल लागतात. निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते असं धरलं तर ३१४०.

आता इंधन. एक ग्रॅम गॅस सुमारे ४६ किलोज्यूल देतो, म्हणजे ७० ग्रॅम पुरे. खिचडी मंद आचेवर ठेवायची म्हणून १०० धरा. बाजारात सव्वादोनशे ग्रॅमचे डबे मिळतात, एकात काम भागतं. रॉकेल साधारण ९० मिली लागेल, पण वर स्टोव्हचं वजन, पिन आणि सॅकभर वास. स्पिरिट दीडशे मिली. त्याचा स्टोव्ह सगळ्यात हलका, पण दिवसा ज्योत दिसत नाही, त्यामुळे पेटलेल्यात पुन्हा ओतणं म्हणजे हात भाजून घेणं. शुद्ध ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं. हिमालयात अडचण, सह्याद्रीत सहसा नाही.

म्हणजे गॅस जिंकला? वजनात हो. पण गडापर्यंत जाणार कसे? खोपटहून एस.टी. धरा नाहीतर कल्याणपर्यंत लोकल, ज्वालाग्राही सामान दोन्हीकडे चालत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १६४ व्या कलमात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. "एवढासा तर डबा!" म्हणणाऱ्यांनी मदुराई आठवावं. २६ ऑगस्ट २०२३ ला तिथे उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात, चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले.

त्यामुळे माझं मत असं : स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर गॅस. एस.टी.ने जाणार असाल तर इंधन नकोच, गडावरच्या झोपड्यांत पिठलं-भाकरी मिळते, तीच खा. चूल पेटवायचा विचारही नको, गड अभयारण्यात आहे.

गॅस नेलात तर दोनच गोष्टी. वारा अडवायला पत्रा लावताना डबा चारी बाजूंनी झाकू नका, तो तापतो. आणि बंद तंबूत किंवा गुहेच्या आतल्या कोपऱ्यात स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्याला ते कळतही नाही.