तुटलेला कूलंट सेन्सर कसा काढावा?



गाडीचं इंजिन किती तापलंय, हे कूलंट टेम्परेचर सेन्सर सांगतो. तो बहुधा थर्मोस्टॅटजवळ आट्यांनी बसवलेला असतो. त्याच्या आत थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युत रोध कमी होतो.

सेन्सर काढताना प्लॅस्टिकचं डोकं तुटून पितळी भाग आतच राहिला तर? घाबरू नका, पण घाईही करू नका.

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. रेडिएटर म्हणजे प्रेशर कुकरच! दाबामुळे आतलं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की ते उसळून अंगावर येतं.

२. बॅटरीची ऋण वायर काढा. सेन्सरच्या पातळीखाली जाईल इतकं कूलंट भांड्यात काढून घ्या. ते विषारी असून चवीला गोड असतं, म्हणून मुलं-जनावरांपासून दूर ठेवा.

३. आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून थांबा. तुकड्याची मधली पोकळी मोकळी करा. तिच्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बसवून डावीकडे हळूहळू फिरवा. फार जोर लावलात तर ॲल्युमिनियमचे आटे खराब होतील.

४. आत तुकडे पडले नाहीत ना, ते पाहा. नवा सेन्सर आधी हाताने, मग पान्याने बेताने आवळा. कूलंट भरा, हवा काढा, गळती तपासा.

आता सांगा पाहू : सेन्सरची वायर तुटली तर रोध खूप वाढतो. मग गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन गरम वाटेल की थंड?