पस्तिसावा विजय

मुलांनो, तुम्ही सायकल चालवता ना? समोरून जोराचा वारा आला, की पायडल मारताना दम लागतो. अशा वेळी आपल्यापुढे दुसरा सायकलस्वार असला, तर वारा तो झेलतो आणि आपले श्रम वाचतात. सायकल-शर्यतीत या गोष्टीला फार महत्त्व असते.

'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध सायकल-शर्यत १९०३ साली सुरू झाली. आता तिच्यात २१ टप्पे असतात. तीन आठवड्यांत सुमारे ३,५०० किलोमीटर अंतर कापावे लागते. सपाट रस्त्यावरच्या टप्प्याच्या शेवटी मोठी चुरस होते. संघातील साथीदार आळीपाळीने पुढे राहून वारा झेलतात. शेवट जवळ आला, की त्यांच्या आडून संघाचा सर्वांत वेगवान खेळाडू झेप घेतो. तेव्हा वेग ताशी ७० किलोमीटरपर्यंत जातो.

बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९६९ ते १९७५ या काळात ३४ टप्पे जिंकले होते. हा विक्रम अनेक वर्षे टिकला. ब्रिटिश खेळाडू मार्क कॅव्हेंडिशने २००८ साली पहिला टप्पा जिंकला. २०१६ पर्यंत त्याचे ३० विजय झाले. मग आजाराने त्याला गाठले. चार वर्षे एकही विजय मिळाला नाही. तरी त्याने हिंमत सोडली नाही. २०२१ मध्ये त्याने मर्क्सची बरोबरी केली. २०२३ मध्ये तो शर्यतीत पडला आणि त्याचे खांद्याजवळचे हाड मोडले. त्याच वर्षी तो निवृत्त होणार होता. पण त्याने विचार बदलला.

२०२४ ची शर्यत इटलीतून निघाली. पहिल्याच दिवशी कडक उन्हात कॅव्हेंडिशला उलट्या झाल्या. तो खूप मागे पडला. ठरलेल्या मुदतीत पोहोचला नाही, तर शर्यतीतून बाद! तेव्हा त्याचे काही साथीदार मुद्दाम मागे थांबले. त्यांनी त्याला मुदतीच्या आत आणले. चारच दिवसांनी, ३ जुलै रोजी, फ्रान्समधील सें-व्हुल्बास येथे ३९ वर्षांच्या कॅव्हेंडिशने पस्तिसावा टप्पा जिंकला.

विक्रमापुढे नाव एकट्याचे लिहिले जाते. पण त्या दिवशी साथीदार थांबले नसते तर? मुलांनो, तुमच्यासाठी वारा झेलणारे कोण कोण आहेत, ते आठवून पाहा. आणि तुम्ही कोणासाठी थांबाल, तेही ठरवा.

स्वाध्याय
१. पुढे सायकलस्वार असला, तर मागच्याचे श्रम का वाचतात?
२. साथीदार मागे का थांबले?
३. वाक्यात उपयोग करा : हिंमत न सोडणे, बरोबरी करणे.