फ्रीज किती वीज खातो?

मंडळी, भांडुप आणि मुलुंड या दोन स्टेशनांच्या मध्ये नाहूर आहे. २००६ सालापासून तेथे लोकलगाडी थांबते. मुंबईच्या पुष्कळ भागांत वीज पुरवणाऱ्या कंपन्या निराळ्या आहेत. पण नाहूर, भांडुप, मुलुंड या बाजूला महावितरणची वीज आहे. तुमच्या गावातही बहुधा तीच येते. म्हणून तेथल्या एका खोलीचा हिशेब आज आपण करू. तो तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

समजा, एक जोडपे गावाहून आले आणि नाहूरला भाड्याच्या खोलीत राहू लागले. खोलीला वेगळे मीटर नाही. त्यांनी फ्रीज घेतला. घरमालक म्हणाले, "फ्रीज आला. आता विजेचे महिना ६०० रुपये जादा द्या."

हे पैसे रास्त आहेत का? बाईंना वाटते, फार झाले. मालकांना वाटते, कमीच आहेत. दोघांपाशीही आकडा नाही. मग वाद होतो, आणि वादात भाडेकरूच हरतो. खोली त्याची नसते ना!

असा आकडा देणारी एक वस्तू बाजारात मिळते. तिला स्मार्ट प्लग म्हणतात. मुठीत मावेल एवढी डबी असते. मागे पिना, पुढे भोके. डबी भिंतीच्या सॉकेटात खोचायची आणि फ्रीजची पिन डबीत खोचायची. घरातल्या वायफायशी ती एकदा जोडली, की मोबाईलवरून दोन कामे होतात. एक, लांबून वस्तू चालू-बंद करता येते, तिला वेळही लावून ठेवता येते. दुसरे, त्या एका वस्तूने किती वीज घेतली ते दिसते.

लोक पहिल्या कामाचे फार कौतुक करतात. पलंगावरून न उठता पंखा बंद होतो म्हणे! मला विचाराल, तर दुसरे काम मोलाचे आहे. पण सगळेच स्मार्ट प्लग वीज मोजत नाहीत बरं का. घेताना दुकानदाराला विचारा, "यात युनिट दिसतात का?"

आता युनिट म्हणजे काय? १००० वॅटची वस्तू एक तास चालली, की १ युनिट होते. १०० वॅटची वस्तू १० तास चालली, तरी १ युनिटच. मोबाईलवर डब्ल्यू हे अक्षर दिसले तर तो आत्ताचा वॅटचा आकडा. केडब्ल्यूएच ही अक्षरे दिसली तर ती युनिटे.

फ्रीजचा आत्ताचा आकडा पाहून फसू नका. त्याचे यंत्र थोडा वेळ चालते, थोडा वेळ थांबते. घटकेत १०० वॅट दिसतील, घटकेत जवळजवळ काहीच नाही. म्हणून प्लग सात दिवस तसाच ठेवा आणि एकूण बेरीज पाहा.

समजा, सात दिवसांत ७.७ युनिटे झाली. भागिले ७, म्हणजे रोज १.१ युनिट. गुणिले ३०, म्हणजे महिन्याला ३३ युनिटे. दर किती धरायचा? महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, १०१ ते ३०० चा त्याहून जास्त. तेव्हा मालकांचे बिल मागून घ्या आणि स्वतः वाचा. हिशेबापुरते आपण १० रुपये धरू. ३३ गुणिले १०, झाले ३३० रुपये.

आता बोलणे ६०० वर नाही, ३३० वर सुरू होईल. आकडे मालकांच्या देखत वाचावेत. उन्हाळ्यात फ्रीज जास्त चालतो, तेव्हा पुन्हा मोजावे आणि वाढ झाली तर तीही द्यावी.

एकदा मोजून झाले, की प्लग फ्रीजवरून काढा. वीज वाचवायला रात्री फ्रीज बंद करू नका. अन्न नासेल. प्लग टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला लावा. रिमोटने बंद केला तरी तो वीज खातच असतो. समजा १० वॅट खातो. दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस धरले, तर ७.२ युनिटे होतात.

आता जोखमीची गोष्ट. लहान पिनेचा प्लग ६ अँपिअरचा असतो. आपली वीज २३० व्होल्टची. २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॅट. त्यापुढे भार गेला तर प्लग तापतो, वितळतो, आगही लागते. २००० वॅटचा गिझर त्याला कधीही लावू नका. मोठ्या पिनेचा १६ अँपिअरचा प्लग निराळा मिळतो. पाणी तापवायची कांडी मात्र कुठल्याच प्लगवर लांबून चालू करू नये. बादली रिकामी असेल, किंवा पोराचा हात पाण्यात असेल. इस्त्रीचेही तेच. शेतावरच्या मोटरीला हा प्लग चालत नाही. तिचा मोबाईल स्टार्टर वेगळा असतो.

मोबाईलवर प्लग बंद दिसला, म्हणून तारेला हात लावू नका. भिंतीवरचे बटण बंद करा, पिन काढा, मगच काय ते काम करा.

"गुरुजी, आमच्याकडे वायफाय कुठलं?" असे कोणी विचारील. मीटर वेगळे असेल, तर त्यावरच मोजता येते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला, की १ युनिट झाले. घरातले सगळे बंद करा. एक पंखा चालू ठेवा आणि घड्याळ लावून १५ मिनिटे मोजा. ६० वेळा लुकलुकला, तर तासाला २४० वेळा. २४० भागिले ३२००, म्हणजे ०.०७५ युनिट. तुमचा पंखा ७५ वॅटचा आहे. नव्या जातीचे पंखे ३० वॅटच्या आसपास चालतात.

मग पंखाही बंद करा. सगळ्या पिना काढा. तरीही लाल दिवा लुकलुकत राहिला, तर वीज कुठेतरी गळते आहे, नाहीतर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कोणाची तार जोडलेली आहे. त्याच दिवशी वायरमनला बोलवा.