लहान दुकान आणि नियमांचा भार

नागपूर शहरातील सीताबर्डीलगतचा धंतोली हा भाग मूळचा निवासी वस्तीचा. आज तो रुग्णालये, दवाखाने, तपासणी प्रयोगशाळा आणि औषधांची दुकाने यांनी गजबजलेला आहे. विदर्भातील दूरदूरच्या गावांहून रुग्ण व त्यांचे नातेवाईक येथे येतात. या मोठ्या वैद्यकीय व्यवहाराचा बराचसा भार मालक आणि दोन-तीन मदतनीस एवढ्यांवर चालणाऱ्या लहान आस्थापना वाहत असतात. व्यवसायविषयक कायद्यांचा अशा आस्थापनांवर कोणता परिणाम होतो, हे समजून घेण्यास लहानसे औषध दुकान हे चांगले उदाहरण आहे.

भार सारखा, बळ वेगळे

नियम पाळण्याचा खर्च दोन प्रकारचा असतो. काही खर्च धंद्याच्या आकारमानाप्रमाणे कमीजास्त होतो. विक्रीवरील कर हा त्यातलाच. दुसरा खर्च मात्र ठरलेला असतो. अर्ज भरणे, नोंदवही ठेवणे, कार्यालयात खेपा घालणे आणि तपासणीच्या वेळी हजर राहणे यांस लागणारा वेळ दुकान लहान आहे म्हणून कमी होत नाही. किरकोळ औषध विक्रीच्या परवान्याचे शुल्कही दुकानाच्या उलाढालीवर ठरत नाही.

१९४५ च्या औषध नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या दुकानास किमान १० चौरस मीटर जागा लागते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. मोठ्या दुकानात दोन-तीन फार्मासिस्ट पाळीपाळीने काम करतात. कागदपत्रांसाठी वेगळा कारकून असतो. लहान दुकानात मालक हाच फार्मासिस्ट, तोच कारकून आणि तोच रोखपाल. एखाद्या कागदासाठी त्याला सकाळी कार्यालयात जावे लागले, तर दुकान बंद ठेवावे की अनधिकृत हातांनी औषधे देऊ द्यावीत, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. पहिल्या मार्गाने दिवसाची विक्री बुडते. दुसऱ्याने परवाना आणि रुग्णाचा जीव दोन्ही धोक्यात येतात.

गुमास्ता कायद्याचा प्रवास

दुकानांतील नोकरांच्या संरक्षणासाठी मुंबई राज्यात १९४८ साली दुकाने व आस्थापना अधिनियम झाला. विदर्भ त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडात होता आणि तेथे १९४७ चा स्वतंत्र अधिनियम होता. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४८ चा अधिनियमच येथेही लागू झाला. लोकव्यवहारात तो 'गुमास्ता कायदा' म्हणून ओळखला गेला. कामाचे तास, विश्रांती, साप्ताहिक सुट्टी आणि भरपगारी रजा हे त्याचे मुख्य विषय होते. परंतु दुकानदाराच्या मनात राहिला तो 'गुमास्ता' नावाचा कागद व त्याचे नूतनीकरण.

हा त्रास कमी करण्यासाठी राज्याने नवा अधिनियम केला. तो १९ डिसेंबर २०१७ पासून अंमलात आला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना त्याने नोंदणीतून मुक्त केले. व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत सूचना देणे एवढेच त्यांच्याकडे उरले. लहान दुकानदाराची मोठी सोय झाली, यात शंका नाही.

या सोयीची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. सूचनेचे कलम वगळता हा अधिनियम दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरताच ठेवण्यात आला. त्यामुळे दिवसाला नऊ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुट्टी, जादा कामाचा मोबदला या त्यातील तरतुदींचे छत्र तीन माणसांच्या दुकानातील मदतनिसावर राहिले नाही. मालकाचे ओझे उतरवताना नोकराचे संरक्षणही उतरले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, तेव्हा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

कागद आणि संरक्षण

त्याच २०१७ सालच्या ऑक्टोबरमध्ये औषध नियमांत झालेली दुरुस्ती या संदर्भात अभ्यसनीय आहे. विक्री परवान्याचे वेळोवेळी करावे लागणारे नूतनीकरण रद्द झाले. दर पाच वर्षांनी शुल्क भरले की परवाना चालू राहतो. मात्र फार्मासिस्टची अट कायम राहिली. अनुसूची एच-१ मधील प्रतिजैविके व अन्य औषधे देताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपण्याचे बंधनही सर्व दुकानांना सारखेच राहिले. कागद कमी झाला, रुग्णाचे संरक्षण अबाधित राहिले.

मराठी भाषिकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशस या लहान बेटानेही २००६ साली असाच मार्ग धरला. बेटाची बाजारपेठ मर्यादित आणि व्यवसाय बहुतांशी लहान; परवानगीची वाट पाहण्यात भांडवल अडकून पडणे त्यांना परवडत नाही. तेथील कायद्याने मार्गदर्शक सूचना पाळण्याच्या हमीवर व्यवसाय आधी सुरू करण्याची मुभा दिली आणि तपासणी नंतर करण्याची व्यवस्था ठेवली. दिरंगाई टळली, देखरेख मात्र राहिली.

आस्थापनेच्या आकारानुसार कागद कमी करावा, माणसाचे संरक्षण करू नये, हा या अनुभवांचा बोध होय. तसे करणे अवघडही नाही. मराठी नामफलकाची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू करण्यात आली. जे फलकाबाबत शक्य झाले, ते साप्ताहिक सुट्टीबाबतही शक्य आहे.

तोवर लहान दुकानदारांनी सूचनेची पावती आणि औषधांच्या नोंदी व्यवस्थित जपाव्यात. मदतनिसाच्या कामाचे तास व सुट्टीचा वार लेखी ठरवून तो कागद दुकानात लावावा. यास कोणत्याही कार्यालयाची परवानगी लागत नाही. रात्री उशिरा येणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकाला योग्य औषध मिळणे हे शेवटी काउंटरमागच्या माणसाच्या सावधपणावर अवलंबून असते. आणि विश्रांती मिळालेला माणूसच सावध राहू शकतो.